जुनी लेन्स, नवा कॅमेरा: हिशेब सगळा मिलिमीटरचा

नवाकोरा मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला डिजिटल कॅमेरा आणि त्याच्या तोंडाशी पन्नास वर्षांपूर्वीची, कडांवरचा काळा रंग उडालेली धातूची लेन्स. लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्यांकडे हे जोडकाम हल्ली बरंच दिसतं. घरोघरच्या कपाटांत पडून असलेले पेंटॅक्स के१००० आणि निकॉन एफएम२ सुद्धा त्यांच्या लेन्ससाठी बाहेर निघू लागलेत. बघणाऱ्याला मात्र कळत नाही की ही बसते कशी, ऑटोफोकस नसताना फोटो शार्प येतो कसा, आणि कॅमेऱ्याचं यात काही बिघडत तर नाही ना.

शेवटच्या शंकेचं उत्तर आधी देऊन टाकू. जुन्या मॅन्युअल लेन्समध्ये वायरही नसते आणि मोटरही नसते, त्यामुळे विजेच्या बाजूने कॅमेऱ्याला काही होत नाही. लेन्सचा मागचा भाग आत फार घुसला आणि कशाला तरी घासला, एवढाच धोका. तो कधी असतो ते पुढे येईलच.

## आरसा गेला, जागा सुटली

लहानपणी उन्हात भिंग धरून कागद जाळायचा खेळ आठवा. भिंग कागदापासून नेमक्या अंतरावर धरलं तरच उजेडाचा टिपका बारीक होतो. जरा पुढेमागे झालं की तो फिस्कटतो. कॅमेऱ्याची लेन्सही तशीच. तिची मागची बैठक चित्र टिपणाऱ्या सेन्सरपासून ठरलेल्या अंतरावर असेल तरच लांबचं दृश्य शार्प उमटतं. तांत्रिक भाषेत याला फ्लँज डिस्टन्स म्हणतात. आपण इथे नुसतं ‘अंतर’ म्हणू.

फिल्मच्या एसएलआर कॅमेऱ्यात लेन्स आणि फिल्म यांच्यामध्ये वरखाली होणारा आरसा असायचा. त्याला जागा हवी म्हणून हे अंतर मोठं ठेवावं लागे. निकॉनच्या एफ माउंटचं (माउंट म्हणजे लेन्स अडकवायची बैठक) ४६.५ मिमी, ऑलिंपस ओएमचं ४६, पेंटॅक्सच्या के माउंटचं आणि जुन्या एम ४२ स्क्रू माउंटचं ४५.४६, मिनोल्टाचं ४३.५, कॅनन एफडीचं ४२. मिररलेसमध्ये आरसाच नाही, त्यामुळे सोनी ई माउंटचं अंतर १८ मिमीवर आलं, फुजी एक्सचं १७.७ वर, कॅनन आरएफचं २० वर आणि निकॉन झेडचं १६ वर.

आता वजाबाकी करा. एम ४२ लेन्स सोनीवर लावायची तर ४५.४६ मधून १८ गेले, उरले २७.४६ मिमी. एवढ्या जाडीची पोकळ धातूची नळी मध्ये बसवली की लेन्सला वाटतं आपण जुन्याच कॅमेऱ्यावर आहोत. अशी नळी म्हणजेच ॲडॅप्टर. आत काच नाही, त्यामुळे चित्राचा दर्जा घटायचा प्रश्न नाही.

## मग हेच डीएसएलआरवर का जमत नव्हतं?

डीएसएलआर म्हणजे आरसा असलेला डिजिटल एसएलआर. त्यावर काही बाबतीत जमत होतं. कॅनन ईएफचं अंतर ४४ मिमी, म्हणून एम ४२ लेन्ससाठी दीड मिमीची चकती पुरायची. निकॉनवाल्यांचं अंतर ४६.५, म्हणजे एम ४२ पेक्षा मोठं. तिथे ॲडॅप्टरची जाडी उणे एक मिमी यायला हवी. अशी चकती कोणी बनवणार कशी? मग एकतर काच घातलेला ॲडॅप्टर घ्यायचा आणि चित्र मऊ करून घ्यायचं, नाहीतर फक्त जवळच्याच वस्तू काढायच्या.

सगळ्यात वाईट हाल कॅनन एफडी लेन्सचे झाले. कॅननने १९८७ मध्ये ईओएस मालिका आणली, माउंट बदललं, आणि ४२ मिमीच्या एफडी लेन्स ४४ मिमीच्या नव्या बॉडीवर बसेनाशा झाल्या. उत्तम काचा असूनही त्या बाजारात मातीमोल पडून राहिल्या. २००८ मध्ये पॅनासॉनिकचा जी१ हा मिररलेस आला, २०१० मध्ये सोनीची नेक्स मालिका आणि २०१३ मध्ये सोनीचाच फुल फ्रेम, म्हणजे ३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरचा ए७. तिथून या लेन्सना पुन्हा गिऱ्हाईक मिळू लागलं.

## ॲडॅप्टर म्हणजे नळीच, तरी जपून घ्या

नळीची किंमत तिच्या अचूकपणात असते. लेन्स जवळचं फोकस करते ती सेन्सरपासून पुढे सरकून. ५० मिमी लेन्स (हा आकडा लेन्सच्या फोकल लेंग्थचा, तो लहान तितकं दृश्य रुंद) अनंतावर, म्हणजे खूप लांबच्या दृश्यावर लावून फक्त ०.१ मिमी पुढे सरकवली की फोकस २५ मीटरवर येतो. म्हणजे ॲडॅप्टर एक दशांश मिमी जास्त जाड निघाला, तर रिंग अनंताच्या खुणेला टेकली तरी लेन्स २५ मीटरच्या पलीकडे पोचत नाही. २८ मिमी लेन्सचं याहून वाईट. तीच चूक तिला आठ मीटरच्या आतच अडवते. उलट १३५ मिमी लेन्स सुमारे १८० मीटरपर्यंत जाते, म्हणून चूक चटकन लक्षात येत नाही. ॲडॅप्टर तपासायचा तो तुमच्याकडच्या सर्वात रुंद लेन्सवर.

तपासणी सोपी आहे. किलोमीटरभर लांबची पाण्याची टाकी किंवा मोबाइल टॉवर धरा, ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेड सोडणारं भोक, पूर्ण उघडा, स्क्रीनवर चित्र मोठं करा आणि रिंग शेवटापर्यंत फिरवा. टाकी शार्प होऊन पुन्हा किंचित मऊ झाली तर ॲडॅप्टर थोडा पातळ आहे, आणि ते चालतं. बरेच उत्पादक मुद्दाम तसाच ठेवतात. लेन्सवरची मीटरची खूण खोटी दाखवेल, एवढंच नुकसान. रिंग अडली तरी टाकी अजून शार्प होतच होती असं दिसलं, तर ॲडॅप्टर परत करा. ॲपर्चर एफ/८ ला आणून (एफचा आकडा मोठा तितकं भोक लहान) ही चूक झाकली जाते हे खरं. पण एफ/८ लाच वापरायची असेल तर ती लेन्स घेतली कशाला?

आणखी दोन गोष्टी बघायच्या. लेन्स लावून हलकेच पिळून बघा. खडखड किंवा खेळ जाणवला की एक कडा कायम मऊ येणार. मग नळीत टॉर्च मारा. आतली भिंत चकचकली तर उजेडाकडे तोंड केल्यावर फोटोच्या मध्यभागी पांढुरका डाग येतो. त्यावर मखमली काळा चिकट कागद आतून लावून घेणं हा स्वस्त आणि खात्रीचा उपाय.

माउंटप्रमाणे खाचाखोचा निराळ्या. कॅनन एफडीच्या ॲडॅप्टरवर एक जादा रिंग असते. लेन्स बसवून ती फिरवली नाही तर लेन्सवरची ॲपर्चर रिंग फिरते, पण ॲपर्चर उघडमीट करणारी आतली पाती जागची हलत नाहीत. निकॉनच्या जी लेन्सना ॲपर्चर रिंगच नसते, त्यांना रिंगवाला खास ॲडॅप्टर लागतो. एम ४२ लेन्समागे पाती मिटवणारी एक पिन असते. लेन्सवर ऑटो-मॅन्युअल खटका नसेल तर ती पिन दाबून धरणारी आतली कड असलेलाच ॲडॅप्टर घ्या.

खरा घोळ आटे सारखे आणि अंतर वेगळं असतं तिथे होतो. एम ३९ आट्यांच्या लेन्स दोन जातींच्या: लायकासारख्या, आरसा नसलेल्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यांच्या, ज्यांचं अंतर २८.८ मिमी, आणि सुरुवातीच्या झेनिट एसएलआरच्या, ज्यांचं ४५.२. आटे एकच, त्यामुळे चुकीच्या ॲडॅप्टरवरही लेन्स गुमान बसते आणि मग फोकस होत नाही. टी माउंटचे आटेही ४२ मिमीचेच, पण ०.७५ मिमी पिचचे (पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर), तर एम ४२ चे १ मिमी पिचचे. दोन फेऱ्यांत अडकलं तर जोर लावू नका, आटे जातील.

## ‘लेन्स नाही’ म्हणून कॅमेरा अडून बसतो

पहिल्यांदा लेन्स लावली की बहुतेकांचं शटर दाबलंच जात नाही. कॅमेऱ्याला तारेवरून लेन्सचा निरोप मिळत नाही, म्हणून तो समजतो पुढे काही नाहीच. सोनीच्या मेनूत ‘रिलीज विदाउट लेन्स’ आणि फुजीच्या मेनूत ‘शूट विदाउट लेन्स’ चालू करा. कॅननमध्येही याच अर्थाचा पर्याय आहे.

बॉडीत थरथर थांबवणारी यंत्रणा असेल तर लेन्स किती मिमीची आहे ते हाताने भरावं लागतं. इथे खरा आकडा घालायचा. सेन्सर लहान असला की लेन्सची चौकट आवळते, पण म्हणून आकडा दीडपट करायचा नाही. ५० मिमी लेन्सवर १३५ भरलेलं राहून गेलं, तर यंत्रणा गरजेपेक्षा जास्त हलते आणि फोटो उलट जास्त हललेला येतो. लेन्स बदलली की आकडा बदलायचा ही सवय लागायला वेळ लागतो. एखाद्या बटणावर हा मेनू बसवून ठेवा.

बाकी ॲपर्चर प्रायॉरिटी मोड ठेवायचा. ॲपर्चर लेन्सवर फिरवा, कॅमेरा येणाऱ्या उजेडावरून शटर स्पीड काढतो. स्क्रीनवर एफचा आकडा दिसणार नाही, आणि फोटोच्या माहितीतही तो नोंदला जाणार नाही.

## हाताने फोकस: डोळे आणि थोडा संयम

मिररलेसमध्ये दोन मदतनीस असतात. पीकिंग म्हणजे शार्प कडांना लाल किंवा पिवळा रंग लावून दाखवणं, आणि दुसरं चित्र मोठं करून बघणं. नवखे पीकिंगवर विसंबतात आणि फसतात. पीकिंग कडांमधला गडद-फिका फरक पाहतं. केसांच्या बटा, साडीचा काठ, फडफडती पानं यांवर ते भसाभस रंग फासतं. चेहऱ्यावर उजेड मऊ असेल तर नेमक्या डोळ्यावर रंग येतच नाही. पीकिंग ‘लो’ वर ठेवून साधारण जागा शोधा आणि शेवटचा फोकस डोळा मोठा करून बघूनच करा.

किती नेमकं लागतं? ५८ मिमी लेन्स, एफ/२, फुल फ्रेम सेन्सर, माणूस दोन मीटरवर: शार्प पट्टा सुमारे १४ सेंमीचा. एक मीटरवर आलात तर साडेतीन सेंमी. फोकस करून मग बोटाने शटर शोधेपर्यंत माणूस पाऊण इंच डोलतोच. म्हणून रिंग एकदा बसवली की ती सोडून द्या, स्वतः किंचित पुढेमागे व्हा, डोळा शार्प दिसला की दाबा आणि लागोपाठ तीन-चार काढा.

एफ/२ वर फोकस करून मग एफ/५.६ ला बंद करायची पद्धत चांगली, कारण उघड्या ॲपर्चरवर शार्पपणाची जागा स्वच्छ कळते. पण काही मोठ्या ॲपर्चरच्या लेन्समध्ये बंद करताना फोकस थोडा मागे सरकतो. एकदा तिरकी पट्टी टेबलावर ठेवून तपासा. सरकत असेल तर वापरायच्या ॲपर्चरवरच फोकस करायचा.

पळणारी माणसं, विसर्जनाची मिरवणूक, गर्दी: इथे रिंग फिरवत बसू नये. ३५ मिमी लेन्स एफ/८ वर ठेवून रिंग ३ मीटरच्या खुणेला लावली की फुल फ्रेमवर साधारण १.९ ते ७.३ मीटरमधलं सगळं पुरेसं शार्प येतं. मग फक्त अंतर राखायचं. ॲडॅप्टर पातळ असेल तर ती ३ मीटरची खूण आधी टेपने मोजून पक्की करून घ्या.

## हेलिओसचा भोवरा कुठून येतो

या छंदातलं सर्वात गाजलेलं नाव म्हणजे रशियन हेलिओस ४४-२, ५८ मिमी एफ/२. मूळ रचना जर्मनीतल्या कार्ल झाइस येनाच्या बायोटार लेन्सची. मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कला झेनिट कॅमेऱ्यांसोबत ती बनू लागली, पुढे इतर सोव्हिएत कारखान्यांतही. प्रचंड संख्येने बनली, म्हणून अजूनही मिळते.

तिच्या फोटोत मागची पार्श्वभूमी गोल फिरल्यासारखी दिसते. यात जादू काही नाही, दोष आहेत. फ्रेमच्या कडेला जाणारा उजेड लेन्सच्या नळीच्या काठांनी कापला जातो, त्यामुळे मध्ये गोल दिसणारे प्रकाशाचे ठिपके कडेला बदामी आकाराचे होतात आणि केंद्राभोवती रांगेने उभे राहतात. जोडीला कडेचं फोकस मध्यापेक्षा वेगळ्या पातळीवर पडतं. म्हणून भोवरा हवा असेल तर एफ/२, माणूस मधोमध आणि एक ते दीड मीटरवर, मागे चार-पाच मीटरवर उन्हाचे कवडसे झिरपणारी पानं. मागे सपाट भिंत असेल तर काही दिसणार नाही. एपीएस-सी हा फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सर फ्रेमच्या कडा कापतो, आणि भोवरा राहतो तो कडेलाच. तिथे हेलिओस घेऊन ‘कुठे आहे भोवरा’ म्हणणाऱ्यांचं नेमकं हेच झालेलं असतं.

या लेन्सला ॲपर्चरच्या दोन रिंगा असतात. एकीवर मर्यादा ठरवायची, दुसरीने पाती उघडमीट करायची. पूर्ण उघडून फोकस करा, मग न बघता ठरल्या जागेपर्यंत बंद करा. मिररलेसवर ही जुनाट सोय भलतीच उपयोगी पडते.

## विकत घेताना: नाव मागाहून, काच आधी

मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारात जुना माल मिळतो, ऑनलाइन तर ढीग आहे. नाव कुठलंही असो, लेन्स हातात आली की ॲपर्चर पूर्ण उघडा, मागून मोबाइलची बॅटरी मारा आणि पुढून तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी, म्हणजे दुकानदारांच्या तोंडचं फंगस. दुधी धुकं दिसलं तर वंगणाची वाफ काचेवर बसलेली. कडेला इंद्रधनुषी चंद्रकोर दिसली तर दोन काचा चिकटवणारा थर सुटलाय. तो दुरुस्त करणं परवडत नाही, सरळ खाली ठेवा. धुळीचे दहा-वीस कण मात्र खुशाल चालू द्या, फोटोत दिसत नाहीत. पुढच्या काचेवरच्या बारीक ओरखड्यापेक्षा मागच्या काचेवरचा ओरखडा जास्त त्रास देतो.

बुरशी काचेवरचं कोटिंग खाते. सुरुवातीची असेल तर लेन्स उघडून पुसली जाते, जुनी असेल तर पुसल्यावरही तिचा कोरलेला ठसा राहतो. ‘बुरशीवाली लेन्स घरात आणली की बाकीच्यांना लागते’ ही भीती अर्धी खरी. बुरशीचे बीजाणू हवेत असतातच, त्यांना वाढायला ओल लागते. कोकणात आणि मुंबईत जुलैमध्ये ती फुकट मिळते. लेन्स सापेक्ष आर्द्रता ४० ते ५० टक्के राहील अशा ठिकाणी ठेवा: ड्राय कॅबिनेट, नाहीतर झाकण घट्ट बसणारा प्लॅस्टिकचा डबा, सिलिका जेल आणि आत एक छोटा आर्द्रतामापक. जेलचा रंग पालटला की तापवून पुन्हा वापरायचं. मूळ चामड्याची पेटी दिसायला सुंदर, पण लेन्स ठेवायला सर्वात वाईट. चामडं ओल धरून ठेवतं.

पात्यांवर तेल दिसलं तर घासाघीस करा, पण घाबरू नका. फिल्म कॅमेऱ्यात पाती क्षणात मिटावी लागत, तिथे तेल म्हणजे लेन्स निकामी. इथे पाती तुम्ही हाताने फिरवताय. मात्र तेच तेल उन्हाळ्यात उडून काचेवर बसतं, तेव्हा कधीतरी साफसफाईचा खर्च येणार हे धरून चाला. फोकस रिंग जड असेल तर वंगण सुकलंय, नवं घालता येतं. ती करकरत असेल तर आत वाळू आहे. स्क्रूची तोंडं झिजलेली दिसली तर आधी कोणीतरी उघडून बघितलंय, आणि बहुधा चुकीच्या स्क्रूड्रायव्हरने.

## पिवळी काच आणि ‘किरणोत्सर्गी’ लेन्स

पेंटॅक्सच्या टाकुमार ५० मिमी एफ/१.४ च्या सात काचांच्या आवृत्तीत थोरियम असलेली काच आहे. प्रकाश जास्त वळवायचा पण रंग फारसे फाटू द्यायचे नाहीत, यासाठी त्या काळी थोरियम घालत. काळाने ती काच चहासारखी पिवळी पडते. कॅमेऱ्यात पांढरा रंग जुळवून घेता येतो, पण उजेड कमी झालेला राहतोच.

अतिनील एलईडीचा दिवा काचेजवळ काही दिवस ते काही आठवडे ठेवला की पिवळेपणा बराच उतरतो. उन्हात ठेवूनही उतरतो, फक्त एक लक्षात ठेवा: उघडी लेन्स ऊन एका बिंदूवर गोळा करते आणि आजूबाजूचं काहीही पेटू शकतं. आणि किरणांचं काय? कॅमेऱ्यावर लावून नेहमीसारखं वापरताना काळजीचं कारण नाही. ती काच घासू नका, फोडू नका आणि फुटलीच तर तुकडे हाताळू नका.

## कुठे जुनी लेन्स हरते

२४ मिमी आणि त्याहून रुंद जुन्या लेन्स कडेला चिखल करतात, आजची कॅमेऱ्यासोबत मिळणारी साधी किट लेन्सही त्यांना मागे टाकते. जुने झूमही तसेच. रेंजफाइंडरच्या रुंद लेन्सचं दुखणं आणखी वेगळं. त्यांची मागची काच सेन्सरच्या फार जवळ येते, कडेचा उजेड फार तिरका पडतो आणि सेन्सरवरच्या संरक्षक काचेतून जाताना फिस्कटतो. ही काच सोनीत सुमारे २ मिमी जाड, लायका एम मध्ये एक मिमीहून कमी. म्हणून तीच लेन्स एकावर उत्तम आणि दुसऱ्यावर गचाळ दिसते. सुरुवातीला सांगितलेला आत घासण्याचा धोकाही याच लेन्समध्ये. मागचा भाग लांब बाहेर आलेला असेल तर तुमच्या बॉडीवर ती चालल्याची खात्री झाल्याशिवाय लावू नका.

पैसे वसूल होतात ते ५०, ८५ आणि १३५ मिमीमध्ये, आणि मॅक्रोमध्ये, म्हणजे अगदी जवळून फोटो काढायच्या लेन्समध्ये. निकॉनची ५५ मिमी एफ/३.५ मायक्रो-निक्कोर वस्तूच्या निम्म्या आकाराचं चित्र देते, आणि मॅक्रोला तसंही हातानेच फोकस करायचा असतो. १३५ मिमी एफ/२.८ किंवा ३.५ तर इतक्या बनल्या की आजही स्वस्तात पडून असतात.

एपीएस-सी सेन्सरवर ५० मिमी लेन्सची चौकट ७५ मिमीसारखी आवळते. फुल फ्रेमची मूळ चौकट हवी असेल तर काच घातलेला फोकल रिड्यूसर मिळतो. तो चित्र ०.७१ पट करतो, ५० ची सुमारे ३५ होते, आणि उजेडही एक स्टॉप, म्हणजे दुपटीने वाढतो. यात मात्र काच आहे, त्यामुळे स्वस्तातला घेतला तर कडा जातात.